ज्याचं कुलूप, त्यानंच काढायचं

ही घटना खरी आहे.

हे वाक्य या पेजवर रोज कोणीतरी लिहितं आणि पुढे पिंपळ, पैंजण, पांढरी साडी अशी नेहमीची भाजी वाढतं. मी तुमच्या गोष्टी वाचते. हसायला वाचते. अमावस्येच्या रात्री ज्यांच्या बाईकचं पेट्रोल नेमकं स्मशानापाशीच संपतं, त्यांना मला एवढंच विचारायचं असतं की बाबांनो, आधी पंपावर का थांबत नाही?

माझ्या गोष्टीत रात्र नाही.

दुपार आहे. गेल्या मार्चमधली, गुरुवारची, टळटळीत. जागा म्हणजे चाकण एमआयडीसीतलं एक प्रेस शॉप. कंपनीचं नाव सांगणार नाही, कारण मला अजून त्याच पट्ट्यात पोट भरायचं आहे.

त्या दुपारी मी एका बाईचा जीव घेणार होते. कीबोर्डवरचं एक बटण दाबून.

बटण मी दाबलंही होतं...

ती बाई वाचली. कशी वाचली ते मला माहीत नाही. आज पुन्हा गुरुवार आहे, म्हणून लिहायला बसले आहे.

मी वर्षाली. वाढले संत तुकाराम नगरात, आता राहते वाकडला. काम लिनक्सचं. कंपन्यांमधले कम्प्युटर अडले की मला बोलावतात. म्हणजे आधी मालकाच्या भाच्याला बोलावतात, तो होतं नव्हतं ते बिघडवून ठेवतो, आणि मग मला.

या कंपनीत गाड्यांचे पत्रे दाबायचा एक मोठा प्रेस आहे. दोन मजली घराएवढा. खाली एक डाय, म्हणजे पोलादी साचा, वर एक डाय, मधे पत्रा. वरची डाय खाली आली की सपाट पत्र्याचा गाडीचा दरवाजा होतो. दोन डायच्या मधे माणूस वाकून बसू शकेल एवढी जागा असते. तिथे माणूस असताना डाय खाली आली तर काय होईल, ते मी सांगायला नको.

तर हा प्रेस चालता चालता मधेच थांबायचा. कधी दिवसातून एकदा, कधी चारदा. कम्प्युटर बंद करून चालू केला की पुन्हा सुरू.

"मॅडम, गुरुवारी या," प्रॉडक्शन मॅनेजर समर्थ फोनवर म्हणाला. "वीकली ऑफ आहे, डिस्टर्ब करायला कोणी नसेल. शुक्रवारी फर्स्ट शिफ्टला मला लाइन नॉन-स्टॉप पाहिजे. बस."

आमच्या पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांची सुट्टी गुरुवारी असते. मी सकाळी दहाला पोहोचले. रिकामं शॉप, बंद पंखे, तेलाचा वास. काचेच्या केबिनमधल्या लाइनच्या कम्प्युटरच्या डोक्यावर लिंबू-मिरची बांधलेली होती. खाली नारळाच्या करवंट्या.

"सगळं करून बघितलं," समर्थ म्हणाला.

"लॉग बघितला?"

तो बघितला नव्हता. नारळ मात्र दोन फोडले होते.

मी म्हटलं, कर्नल ट्रेस करावा लागेल. तर म्हणतो, "कर्नल? मिलिटरीतले का?"

असल्या माणसाच्या हाताखाली अडीचशे लोक काम करतात.

त्याला सांगितलं तेच तुम्हालाही सांगते, म्हणजे पुढचं कळेल. लिनक्सच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. कुठल्याही प्रोग्रॅमला काहीही करायचं असलं, फाईल उघडायची, कुलूप लावायचं, तर कर्नलला विचारावं लागतं. ट्रेसिंगची टूल्स म्हणजे त्या गेटवर वही घेऊन बसवलेला वॉचमन. कोण आलं, कोण गेलं, किती वाजता, सगळं लिहितो. प्रोग्रॅमचा लॉग खोटं बोलू शकतो, कारण तो प्रोग्रॅमच लिहितो. ही वही खोटं बोलत नाही.

हे मी तेव्हाही मानत होते. आजही मानते. तोच तर त्रास आहे.

टूल्स बसवायलाच अडीच तास गेले. आतल्या कम्प्युटरला इंटरनेट नव्हतं, म्हणून सगळी पॅकेजेस पेन ड्राइव्हवर नेली होती. उघडून बघते तर जुन्या व्हेंडरने कर्नलमधून ट्रेसिंगच काढून टाकलेलं. का, तर स्पीड वाढतो. अशा लोकांच्या हातात पेचकसदेखील देऊ नये. मी मूळ कर्नल परत बसवला. त्याच्या बरोबर त्याच नंबरच्या हेडर फाइल्स टाकल्या, कारण एक आकडा चुकला तरी टूल उठत नाही. मग बीपीएफट्रेस, म्हणजे ते ट्रेसिंगचं टूल. एक वाजायच्या सुमाराला माझा वॉचमन गेटवर बसला.

मधे हाउसकीपिंगच्या मावशी चहा घेऊन आल्या. छबूबाई. साठीकडे झुकलेल्या, हातात फडकं आणि प्लास्टिकची बादली, कानात कापसाचे बोळे. गुरुवारी प्रेस पुसायचं काम त्यांचं.

"आमचंच रान हुतं ह्ये," त्या आपणहून म्हणाल्या. "पिरेस हाय ना, तितं आमची हीर हुती."

प्रत्येक एमआयडीसीत अशी एक बाई असतेच. मी "हं" म्हणाले. चहा बाजूला ठेवला. तो नंतर गार झाला आणि मी प्यायले नाही.

आता कुलपाचं सांगते. प्रत्येक ठोक्याआधी प्रेसचा प्रोग्रॅम एका फाईलकडे बघतो. त्या फाईलवर दुसऱ्या कोणाचं कुलूप असेल तर ठोका नाही. आत दुरुस्ती चालू असेल तर मेंटेनन्सचा प्रोग्रॅम ते कुलूप लावतो, काम झालं की काढतो. साधी सोय आहे.

समर्थने लाइन रिकामी चालू केली. ठोका. ठोका. ठोका. जमीन हादरत होती.

एक वाजून बावीस मिनिटांनी...

प्रेस थांबला.

मी खूश झाले. चोर वहीत सापडला होता. स्क्रीनवर ओळ होती. फाईलवर कुलूप लावलेलं आहे. लावणारी प्रोसेस, नंबर ४४१७.

लिनक्समध्ये चालू असलेल्या प्रत्येक प्रोसेसला एक नंबर असतो, आणि त्या नंबरचं एक फोल्डर असतं. मी ४४१७ चं फोल्डर उघडायला गेले.

नव्हतं...

म्हटलं, आली असेल, कुलूप लावलं असेल आणि मेली असेल. पण मेलेल्या प्रोसेसचं कुलूप कर्नल स्वतः काढून टाकतो. तिच्या पोटच्या एखाद्या प्रोसेसकडे वारसा गेला असेल तरच ते राहतं. तेही तपासलं. मागे कोणी नव्हतं.

कम्प्युटर बंद करून चालू केला. या वेळी वॉचमनला अजून एक काम दिलं. कुठली प्रोसेस कधी जन्मली आणि कधी मेली, तेही लिही.

एक एक्कावन्नला प्रेस पुन्हा थांबला.

नंबर... ४४१७.

हे नंबर ओळीने वाटले जातात. कम्प्युटर नुकताच सुरू झाला होता, जेमतेम नऊशे नंबर वाटून झाले होते. ४४१७ ची पाळी यायला अजून कितीतरी अवकाश होता.

जन्माची नोंद नाही. मरणाची नोंद नाही.

फक्त कुलूप.

मागे काहीतरी खळकन पडलं. इलेक्ट्रिशियन पिंटूभाऊ उभे होते. पन्नाशीचे, मूळचे लातूरकडचे, चिखलीला राहणारे. टेस्टर त्यांच्या हातातून पडला होता आणि ते उचलायला वाकत नव्हते.

"मॅडम, ह्यो नंबर कुठून आलाय?"

"तेच शोधतेय."

"इकडं या जरा. समर्थ सायबाला नका सांगू."

प्रेसच्या शेजारी भिंतीवर एक लाल बोर्ड होता. ओळीने हुक, प्रत्येक हुकाला एक लाल कुलूप, प्रत्येक कुलपावर एका कामगाराचा टोकन नंबर. प्रेसच्या पोटात शिरण्याआधी फिटर मेन स्विच बंद करतो, त्यावर आपलं कुलूप लावतो आणि किल्ली खिशात घालतो. मग बाहेरून कोणी प्रेस चालू करू शकत नाही. बोर्डवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ज्याचं कुलूप, त्यानंच काढायचं.

एक हुक रिकामा होता. खाली हळद-कुंकवाचं बोट ओढलेलं.

हुकाचा नंबर... ४४१७.

"भिमाजी," पिंटूभाऊ म्हणाले. "फिटर हुते. सात वर्सं झाली. फर्स्ट शिफ्ट साडेतीनला सुटली, पण काम उरलं हुतं. ओव्हरटाइम कागदावर दाखवायचा न्हाई, असं वरनं सांगितलेलं. मंग आमी काय करायचो, कार्ड पंच करून आउट व्हायचं अन् परत आत जायचं. समदेच करायचे. त्या दिवशी भिमाजी आतच हुते. मला म्हणले, पिंटू, माझंबी मार."

"आणि तुम्ही मारलंत."

"मारलं."

 दुसऱ्या शिफ्टचा सुपरवायझर आला. मेन स्विचवर कुलूप दिसलं. त्याने रेकॉर्ड बघितलं. रेकॉर्डवर भिमाजी साडेतीनलाच आउट. कुलूप काढायचं विसरून घरी गेला असेल, म्हणाला. कुलूप कापायला बोल्ट कटर मागवला.

"कोण होता सुपरवायझर?"

 पिंटूभाऊंनी काचेच्या केबिनकडे बघितलं. केबिनमध्ये समर्थ फोनवर कोणाशी तरी हसत होता.

"ह्या छबूबाई भिमाजींच्याच मंडळी. नंतर कंपनीनं ठेकेदाराकडं कामाला लावून दिलं. रेकॉर्डला अजून तसंच हाय, मॅडम. भिमाजी घरी निघाले हुते असं. मेले त्या टायमाला कंपनीत नव्हतेच."

मला वाईट वाटलं. पण वाईट वाटणं वेगळं आणि काम वेगळं, असा माझा खाक्या. आणि खरं सांगायचं तर मला त्या माणसाचा रागच आला. सात वर्षांपूर्वी कार्ड मारलं आणि आता हुकाला कुंकू लावतोय.

"पिंटूभाऊ, चार आकडी नंबर आहे. माझ्या स्कूटीचाही चार आकडीच आहे. तेव्हा तोंड उघडायचं होतं, तेव्हा उघडलं नाही. आता भुताच्या नावाने बिल फाडू नका."

त्यांची मान खाली गेली. ती मान मला अजून दिसते.

केबिनमध्ये परत आले तेव्हा तीन वाजून गेले होते. समर्थ घड्याळ दाखवत होता. ते कुलूप लावतंय कोण ते कळलं नाही, तरी ते तोडता येतंच. मी ठरवलं, तोडायचं.

फाईलच उडवली.

फाईल परत आली. कुलपासकट... ४४१७.

पुन्हा उडवली. पुन्हा ४४१७.

तिसऱ्यांदा तसंच झाल्यावर माझं डोकं फिरलं. मी प्रेसच्या प्रोग्रॅममधून कुलूप बघायचं कामच काढून टाकलं. ना फाईल बघायची, ना कोणाला विचारायचं. चालू केलं की ठोका.

"आत कोणी नाही ना?" मी समर्थला विचारलं. विचारलं, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवते.

त्याने मोबाईलवर हजेरीचं अॅप उघडलं. "कोणी नाही. पिंटू समोर उभा आहे. हाउसकीपिंगवाली एकलाच आउट."

केबिनमधून प्रेसची फक्त पुढची बाजू दिसते. मागे जाऊन बघायला वीस पावलं. रेकॉर्डवर आउट म्हणजे काय असतं, ते मी तासाभरापूर्वी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. ऐकून एका माणसाला टोमणाही मारला होता.

मी उठले नाही.

साडेतीनचा भोंगा वाजला. सुट्टीच्या दिवशीही वाजतो, ऑटोमॅटिक आहे.

मी एंटर दाबलं.

मोटर घुमू लागली. वरची डाय हलली. ती वीतभर खाली आली आणि...

थांबली.

मोटर फिरत होती. हवेचं प्रेशर पूर्ण होतं. पण डाय मधेच लटकलेली.

मी स्क्रीनकडे बघितलं. वॉचमन लिहीत होता. प्रोग्रॅम विचारतोय, कुलूप आहे का? उत्तर, आहे, ४४१७. पुन्हा विचारतोय. पुन्हा तेच उत्तर. दर सेकंदाला एक ओळ.

जो प्रश्न मी दोन मिनिटांपूर्वी स्वतःच्या हाताने पुसून टाकला होता, तोच प्रश्न प्रोग्रॅम विचारत होता. आणि त्याला उत्तर मिळत होतं.

आणि मग तो आवाज आला.

ठक्...

ठक्... ठक्...

लोखंडावर लोखंड. प्रेसच्या आतून.

पिंटूभाऊंनी धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला. मी ती वीस पावलं चालले. 

दोन डायच्या मधे छबूबाई बसल्या होत्या. पाठमोऱ्या. शांतपणे खालची डाय पुसत होत्या. वरची डाय त्यांच्या अंबाड्याच्या वर चार बोटांवर थांबलेली होती. कानात बोळे. त्यांना काहीही कळलं नव्हतं.

आम्ही दोघांनी ओढून बाहेर काढलं तेव्हा त्या चिडल्या. "आरं, काय झालं? फडकं तरी मारू द्या!"

"मावशी, तुम्ही ठोकत होतात ना आतून?"

"म्या? म्या कशाला ठोकू?" त्यांनी हात पुढे केले. एका हातात फडकं, दुसऱ्यात प्लास्टिकची बादली. लोखंडाचं काहीच नव्हतं.

समर्थ पांढराफटक पडला होता. पण पहिलं वाक्य काय निघालं माहीत आहे?

"तुम्ही तर आउट होता!"

"आउट त्यो ठेकेदार मारतो, सायेब. गुरवारी अर्धाच दिस लावतो. म्या हितंच असती चार-चार वाजंपतूर. दर गुरवारी."

"बरं, बरं. झालं ते झालं. बाहेर बोलायचं नाही कोणी," समर्थ म्हणाला आणि पुन्हा मोबाईलमध्ये तोंड घातलं. सात वर्षांत या माणसाने फक्त फोन बदलला होता.

छबूबाई पाणी प्यायला केबिनमध्ये आल्या. ग्लास तोंडाशी नेला आणि तसाच धरून राहिल्या. स्क्रीनकडे बघत.

"मला लिवता-वाचता येत न्हाई. पन ह्ये चार आकडं येत्यात." बोट काचेवर टेकलं. "ह्यांचं हायत. काय म्हनतंय त्ये?"

माझ्या जिभेवर दहा उत्तरं होती. योगायोग, मेमरी करप्ट, ड्रायव्हरमधली चूक. त्यातलं एकही आलं नाही.

"म्हणतंय की... आत आहेत."

त्या स्टुलावर बसल्या. 

"समदी म्हनत्यात, घरी निघाला हुता. सायेब म्हनले, कागुद म्हनला. सात वरसं म्या इचारती, घरी निघालेला मानूस घरी का न्हाई आला?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाई, तुमचं ह्ये यंत्र खोटं बोलतं का?"

"नाही."

"मंग मला लिवून दे. मराटीत."

मी, जी नारळाला हसले होते, तिने त्या कंपनीच्या कोऱ्या कागदावर लिहिलं. टोकन नंबर ४४१७, भिमाजी. दुपारी साडेतीननंतर आत होते. घरी निघाले नव्हते. खाली तारीख, वेळ आणि माझी सही. पिंटूभाऊ पुढे आले. त्यांनी माझ्या सहीखाली आपली सही केली.

कागद छबूबाईंच्या हातात गेला. त्यांनी घडी घालून पदरात बांधला.

स्क्रीनवर नवी ओळ आली...

४४१७. कुलूप काढलं.

दिवसभरात ती ओळ पहिल्यांदा आली. कुलूप लावलेलं मी किती वेळा बघितलं होतं. काढलेलं कधीच नव्हतं.

त्या मिनिटाची ट्रेस फाईल माझ्याकडे आहे. शंभर वेळा बघितली. दोन हुशार मित्रांना दाखवली. एक म्हणाला, घड्याळ चुकलं असेल. दुसरा म्हणाला, तू दमली असशील. असेच प्राणी मला मिळतात.

समर्थचा मेसेज पुढच्याच आठवड्यात आला. लाइन एकदाही थांबली नाही, मॅडम, ग्रेट जॉब. सोबत तीन अंगठे.

कुलूप बघायचं काम मी निघण्याआधीच प्रोग्रॅममध्ये परत घातलं होतं, तरी लाइन थांबत नाही. तुम्हाला यातली भीती कळतेय का? त्या कागदावर सही करून मी एका माणसाला घरी पाठवलं. आता प्रेस थांबवायला तिथे कोणी नाही. ठेकेदार अजूनही एक वाजता आउट मारतो. मी कंपनीला दोन मेल लिहिले, उत्तर आलं, नोंद घेतली आहे. आणि छबूबाई अजून त्याच दोन डायमध्ये बसून फडकं मारतात, कारण काम सोडा म्हटलं की म्हणतात, "मंग खाऊ काय?"

म्हणून मी दर गुरुवारी एक वाजता फोन करते. मावशी, कुठे आहात? मेन बंद आहे का? पिंटूभाऊंनी कुलूप लावलं का? अकरा गुरुवार झाले. त्यांना वाटतं मला वेड लागलंय. पण फोन उचलतात.

आजही उचलला.

"आज न्हाई गेले कामावर. दाराला कुलूप हाय."

"बाहेरून कोणी लावलं?"

"भाईरनं न्हाई..."

"मग?"

"आतनं. सकाळी उटले तवा कडीला हुतं. लाल हाय. बारकं."

 म्हटलं, मावशी, किल्ली? किल्ली नाही म्हणाल्या. म्हटलं, शेजाऱ्यांना हाक मारा, तोडून काढा.

तर त्या हसल्या. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना ऐकलं. नवरा घरी असलेली बाई हसते तशा.

"तोडू व्हय? ज्याचं कुलूप त्यानंच काडायचं, बाई. साडेतीनला निगंल. शिफ्ट सुटली की."

मी पिंटूभाऊंना फोन लावला. बोल्ट कटर घेऊन मावशींच्या गावात जा, असं सांगणार होते. त्यांनीच आधी सुरुवात केली.

"मॅडम, बरं झालं फोन केलात. आत्ताच, एक वाजता, प्रेस आपोआप एक ठोका खाली आला. मेन बंद करायला निघालोच हुतो, तेवढ्यात. मधी कोणी नव्हतं. मावशी आज आल्याच न्हाईत बगा..."

मी फोन ठेवला. कटरचं सांगितलं नाही.

आता तुम्ही खाली 'फेक' लिहा. लिहाच. तुमच्या जागी मी असते तर तेच लिहिलं असतं.

साडेतीनला निघेल म्हणाल्या होत्या. पण भिमाजी साडेतीनला निघाले ते फक्त कागदावर. त्या दिवशी ते निघालेच नव्हते.

आत्ता चार वाजून दहा मिनिटं झाली आहेत. चार वेळा फोन केला. रिंग जाते, कोणी उचलत नाही. समोर स्कूटीची किल्ली आहे, मावशींच्या गावाचा पत्ता आहे, बोल्ट कटर चाकणला कुठल्याही दुकानात मिळतो. कापलं तर काय होईल ते माहीत नाही. नाही कापलं तर काय होईल तेही माहीत नाही.

मी अजून खुर्चीतून उठलेले नाही.

तेव्हाही उठले नव्हते.